रोजचं एक खोटं

घर बघायला गेलो तेव्हा त्या गृहस्थांनी आमचं आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नवऱ्याची नोकरीही विचारली नाही. ओट्यावर उकिडवे बसून ते सायकलची ट्यूब बादलीत बुडवत होते, पंक्चर शोधायला. मान वर न करताच म्हणाले, "अंघोळीला किती तांबे लागतात?"

"कुणाला?"

"तुम्हाला, साहेबांना, ह्या बारकीला. येगयेगळं सांगा."

नवरा हसला. मी नाही हसले. मी तहसिलीत कारकून आहे. माझ्या टेबलावर दिवसभर जमिनीचे कागद येतात, आणि त्यातल्या निम्म्यांत कुणीतरी काहीतरी दडवलेलं असतं. माणूस उगाच काही विचारत नसतो, एवढं त्या टेबलानं मला शिकवलंय. आज पाण्याचं विचारतो म्हणजे उद्या पाण्यावरून भांडण काढणार आणि परवा घर खाली करा म्हणणार.

"चार," मी ठोकून दिलं.

"कशावरून?"

"म्हणजे?"

"मोजले का कधी?"

घर मिळालं. छावणीच्या पलीकडं, भावसिंगपुऱ्याच्या रस्त्याला. खाली ते आणि काकू, वर आम्ही तिघं. मी त्यांना काका म्हणायचे. गल्लीत मात्र सगळे 'कशावरून काका' म्हणायचे, आणि तेही तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. पहिल्या संध्याकाळी मी न्हाणीत गुपचूप तांबे मोजले. अकरा निघाले. हे मी कुणाला सांगितलं नाही.

आमच्या भागात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. गच्चीवर दोन टाक्या, एक त्यांची, एक आमची. पाणी आलं की दोन्ही भरून घ्यायच्या आणि पुढचा आठवडा त्यावर काढायचा. पाहुणेसुद्धा आम्ही पाण्याचा वार बघून बोलावतो. अशा गावात घरमालकानं तांब्यांची चौकशी करावी म्हणजे काय, हे इथल्या कुठल्याही भाडेकरूला विचारा.

काका पाटबंधाऱ्यात होते. कालव्याच्या भिंतीवर एक रंगवलेली पट्टी असते. पाणी तिच्यावर कुठपर्यंत आलं ते दिवसातून तीनदा वाचून लिहायचं, ह्यात त्यांची सगळी नोकरी गेली. एकदा वाचून त्यांचा विश्वास बसायचा नाही. वाचायचे, चार पावलं मागं जायचे, परत येऊन वाचायचे. रिटायर झाल्यावर पट्टी राहिली नाही, खोड तेवढी राहिली.

आणि खोड म्हणजे काय! दूधवाल्याला त्यांनी एकदा दूध स्वतःच्या मापात ओतायला लावलं. माप बरोबर निघालं. दूधवाला फुगला. काका म्हणाले, "तुझं बरोबर हाय. पण माझं माप खरं कशावरून?" आणि तिसरं माप आणायला काकूंना शेजारी पिटाळलं. पेपरात तापमान छापून आलं की ते आपला थर्मामीटर निंबाच्या सावलीत टांगून बघायचे. बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापलेलं असतं, तेसुद्धा ताणकाट्याला लटकवून तपासायचे. त्यांच्या ओट्यावर तीन वस्तू कायम असायच्या: तो ताणकाटा, खुणा केलेली एक लांब काठी, आणि शहागंजातून आणलेली पारदर्शक नळी. गवंडी भिंतीची पातळी बघायला वापरतात तसली. ती नळी घेऊन ते घरभर हिंडायचे. ओटा कलता आहे, देवघर कलतं आहे, आणि पलंग तर लईच कलता आहे, असं काकूंना दाखवून द्यायचे.

"चाळीस वर्षं त्याच पलंगावर झोपतेय मी," काकू म्हणायच्या. "पडले नाही अजून."

गल्ली हसायची. मला हसू यायचं नाही. जो माणूस जगावर एवढा संशय घेतो, त्याच्याच पोटात काहीतरी असणार असं मला वाटायचं. हे, अंघोळीच्या तांब्यांपासूनचं सगळं, मी नवऱ्याला दोन-तीनदा बोलूनही दाखवलं. समू तिथंच असायची. पोरं ऐकत नाहीत असं आपल्याला उगाच वाटतं.

समृद्धी, आमची समू, तेव्हा तिसरीत होती आणि आकड्यांना भ्यायची. गणिताचा पेपर असला की सकाळी उलटी. 'सात आणि पाच किती गं?' विचारलं की ओठ घट्ट मिटून भिंतीकडं बघत बसायची. येत नव्हतं असं नाही, बोलायचीच नाही. कारण मीच होते, हे सांगायला आजही लाज वाटते. दुसरीत असताना पाढा चुकला की मी लाकडी पट्टी आपटायचे. तिच्यावर नाही हो, टेबलावर! पण पुढची पट्टी कुठं पडेल हे लेकराला काय ठाऊक? शेवटी शाळेतल्या मॅडमनी बोलावून सांगितलं, पुढच्या चाचणीतही पेपर कोरा आला तर गणिताच्या तासाला तिला दुसरीच्या मुलांत बसवू. समू माझं बोट धरून उभी होती. तिनं ते सगळं ऐकलं, आणि माझं बोट आणखी घट्ट धरलं.

मी ऑफिसातून येईपर्यंत ती काकूंकडं थांबायची; काकांना आजोबा म्हणायची. दार सताड उघडं, समोर गल्ली, काकू घरात. तरी मी रोज येऊन विचारायचे, आज काय केलं, काय बोलले, काय खायला दिलं. पोरीची आई आहे, विचारणारच.

एक दिवस आले तर काकूंच्या भाकरीला दोरा गुंडाळलेला.

"हे काय करायलात अन्नाचं?" मी म्हणाले.

"मोजायलो," काका म्हणाले.

तेवढ्यात समू उसळली. "आई, भाकरीच्या कडेनं दोरा लावायचा. मग तोच दोरा भाकरीवर मधून आडवा ठेवायचा. तीनदा बसतो! तीनदा, आणि थोडासा उरतो. बांगडीला पण तीनदा. परातीला पण."

तीन. माझ्या पोरीच्या तोंडून आकडा निघाला होता, कुणी न विचारता. मी दारातच उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते मी कांद्यावर ढकललं. कांदा तिथं नव्हताच.

"तो थोडासा म्हणजे किती?" समूनं विचारलं.

"तेच तर," काका म्हणाले. "मलाबी पुरतं कळलं नाय. तू शोध."

मग त्यांनी माझ्या हातची भाकरी मागवली. तिच्यावर दोरा काही केल्या जमेना. काकांनी ती डोळ्यासमोर धरली, फिरवली आणि म्हणाले, "ताई, ही भाकरी नाय. हा गट नंबराचा नकाशा हाय."

त्यानंतर समू घरातलं काही सोडेना. माठातलं पाणी आणि स्टीलच्या हंड्यातलं पाणी, दोन्हींत थर्मामीटर बुडवायची. माठाला ओलं फडकं गुंडाळून पुन्हा बुडवायची. वरणाला किती शिट्ट्या, भिजवलेले हरभरे किती फुगतात, सगळं सांगत सुटायची. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आत एक किडा वळवळत होता: ह्या माणसाचा ह्यात फायदा काय?

आणि मग मला ते खोट्याचं कळलं. जेवताना समू म्हणाली, "आई, आज आजोबा म्हणाले, झाकण ठेवलं की डाळ उशिरा शिजते."

"काहीतरीच काय!"

"खोटं होतं ते. मी पकडलं. काकूंनी दोन पातेली लावून दिली, एक झाकून, एक उघडं. काल ते म्हणाले होते, उंच गिलासात सरबत जास्त मावतं. तेही मी वाटीनं मोजून पकडलं. रोज एक खोटं असतं. कोणतं ते आपण ओळखायचं."

दुसऱ्या दिवशी मी थेट खाली गेले. "काका, माझ्या पोरीशी तुम्ही खोटं बोलता?"

"व्हय. रोज एक. जास्त नाय."

"कशासाठी?"

"खरं सांगितलं की पोरं माना हलवतात. खोटं सांगितलं की उठून बघायला जातात."

मला पटलं का? अजिबात नाही. रोज एक खोटं बोलणारा माणूस दोन बोलत नसेल कशावरून? त्यात त्यांची एक निळी वही एकदा ओट्यावर उघडी पडलेली दिसली. मी वाकून बघितलं. पानाच्या माथ्यावर लिहिलं होतं, 'वरचे'. खाली वार, आणि वारापुढं इंच. म्हणजे आमच्या टाकीतलं पाणी हा माणूस रोज मोजून लिहीत होता! घर खाली करायला लावणार तो कागद तयार होत होता, ह्यात मला शंकाच राहिली नाही.

त्या उन्हाळ्यात आमचं पाणी भराभर उतरायला लागलं. चौथ्या दिवशी निम्म्याच्या खाली. आठव्या दिवसापर्यंत कसंबसं पुरायचं, पण मी दिवसातून दोनदा झाकण उघडून वाकून बघायचे. काकांच्या टाकीत किती आहे ते बघता यायचं नाही. ती कट्ट्यावर होती, आत डोकवायला स्टूल लागायचं. ह्या माणसानं काय दडवलंय ते दिसूच नये अशी सोय, असं मी मनात म्हणायचे.

एका शुक्रवारी संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर गेले आणि जागच्या जागी थांबले. काका आणि समू दोन टाक्यांच्या मधे उभे. हातात ती नळी, पाण्यानं भरलेली. एक टोक आमच्या टाकीत, त्यावर समूचा अंगठा. दुसरं टोक काकांच्या टाकीत, त्यावर काकांचा. काका म्हणत होते, "आता अंगठे काढले तर पाणी कुठून कुठं जाईल? घाई नको. नीट बघून सांग."

समूनं तोंड उघडलं होतं. पण बोलले मी.

"अस्सं! म्हणजे आमचं पाणी असं जातं होय? आणि ह्या कामाला माझीच पोरगी लावली?"

काकांनी नळी खाली ठेवली. मला वाटलं, हात जोडतील, ताई ताई करतील. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. समूकडं बघितलं, बराच वेळ. आणि म्हणाले, "व्हय. मी तुमच्या टाकीतलं पाणी काढून घेतो. दर सहाव्या दिवशी."

बस्स! कबुलीजबाब आल्यावर पंचनामा कशाला? मी समूला दंडाला धरून खाली आणलं. त्या रात्रीच अर्ध्या गल्लीला कळलं, उरलेल्या अर्ध्या गल्लीला मी सकाळी सांगितलं. काकू जिन्यात आल्या, डोळे भरलेले. "अगं, तसे नाहीत गं ते."

"स्वतः म्हणाले काकू. मी नाही म्हटलं."

समूला मी बजावलं, गच्चीवर जायचं नाही, खाली थांबायचं नाही. ऑफिसात सांगून तासभर लवकर यायला लागले. तिला जवळ घेऊन म्हटलं, "बघितलंस ना? कुणावर असा विश्वास टाकायचा नसतो." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वरणाच्या शिट्ट्या झाल्या, तिनं मोजल्या नाहीत. 'किती वाजले गं?' विचारलं तर ओठ मिटून भिंतीकडं बघायला लागली. एक सोमवार सोडून पुढच्या सोमवारी चाचणी होती, आणि माझी पोरगी होती तिथं परत येऊन बसली होती. ह्याचंही खापर मी काकांवरच फोडलं.

काका खाली ओट्यावर बसायचे. त्या दिवसांत त्यांच्याशी गल्लीतलं कुणी धड बोलत नव्हतं. दूधवाला तर हसून म्हणाला म्हणे, "आता कुणाचं माप खोटं निघालं?" त्यांनी तेही ऐकून घेतलं. समू शाळेतून येताना समोरून जायची तेव्हा फक्त मान वर करून बघायचे, जणू तिच्याकडून काहीतरी यायचं राहिलंय.

आणि गंमत बघा. चोर पकडला, नळी बंद झाली, आणि आमचं पाणी उलट आणखी लवकर संपलं. पाणी आल्यापासून सहाव्या दिवशी टाकी कोरडी ठाक! मी म्हटलं, सूड घेतोय. आता उघडउघड घेतोय. त्यात नळाचा वार एक दिवस आधीच आला म्हणून निभावलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्हाला फर्दापूरला मावशीकडं जायचं होतं, दिवसभर. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी समूला म्हणाले, "काठी घाल टाकीत, खूण कर. आल्यावर परत बघू. आता पुराव्यासकट धरते." ती मुकाट्यानं वर गेली. बराच वेळ आलीच नाही. खाली आली तेव्हा दप्तरातली पट्टी तिच्या हातात होती.

संध्याकाळी परत आलो, कुलूप काढायच्या आधी मी वर धावले. पाणी खुणेच्या चार बोटं खाली. घरात कुणी नाही, नळ सगळे बंद, तरी चार बोटं!

"आता बघतेच मी त्यांना," म्हणून मी जिन्याकडं वळले, तर समूनं माझी ओढणी धरली.

"कशावरून?" ती म्हणाली.

नऊ दिवसांत तिचा हा पहिला धड शब्द.

ती घरात गेली. रंगपंचमीचा उरलेला लाल रंग माळ्यावर होता, तो बापाकडून काढून घेतला आणि संडासातल्या फ्लशच्या टाकीत टाकायला लावला. मग आम्ही तिघं दारात उभे. कुणी बटण दाबलं नाही, कुणी हात लावला नाही. थोड्या वेळानं कमोडच्या पांढऱ्या भांड्यात एक लाल रेघ उतरली. मग दुसरी.

"आयला, वायसर गेलंय," नवरा म्हणाला. "सगळं पाणी इथनं जायलंय."

मी ओशाळले, पण हरले नव्हते. "गळती आपली, मान्य. पण पाणी घेतो हे तर ते स्वतःच्या तोंडानं म्हणाले!"

"चल वर," समू म्हणाली.

गच्चीवर तिनं माझ्या हातात पट्टी दिली. तीच लाकडी पट्टी, जी मी टेबलावर आपटायचे. "मोज. जमिनीपासून आपल्या टाकीचं झाकण किती?"

मी मोजलं. तीन पट्ट्या आणि दहा.

"आता आजोबांच्या टाकीचं बूड मोज. झाकण नाही, बूड."

तीन पट्ट्या आणि अठरा.

"मी सकाळी तीनदा मोजलंय," समू म्हणाली. "त्यांचं बूड आपल्या झाकणाच्याही वर आहे. पाणी नळीतून उंचावरून खाली येतं. त्यांच्या टाकीत एक तांब्या असला तरी तो आपल्या पाण्याच्या वरच. मग नळी लावली तर पाणी कुठून कुठं जाईल?"

सायफन की काय म्हणतात ते मी शाळेत घोकून मार्क मिळवले होते. दोन वर्षं ह्याच दोन टाक्यांच्या मधे दोरीवर कपडे वाळत घातले होते.

"दर सहाव्या दिवशी," समू म्हणाली. "घेत नव्हते, देत होते. वहीत आपलं पाणी त्यासाठीच लिहायचे. म्हणून आपलं आठ दिवस पुरायचं. तू बंद केलंस आणि सहाव्या दिवशी संपलं."

"मग घेतो असं म्हणाले का ते?" मी पट्टी खाली ठेवत विचारलं.

"त्या दिवशी आजोबांनी दुसरं कुठलं खोटं सांगितलंच नव्हतं, आई. रोज एक असतं. मी लई शोधलं, सापडेना. मला आधी वाटलं, खरंच चोर आहेत. मग सकाळी मोजताना कळलं, तेच होतं ते."

माणसानं गल्लीसमोर चोर व्हावं, नऊ दिवस राहावं, आणि ओट्यावर बसून वाट बघावी, एक आठ वर्षांची पोरगी कधी येऊन आपल्याला पकडते त्याची! मला रडूच कोसळलं. ह्या खेपेला कांद्याचं नाव घेतलं नाही.

आम्ही दोघी खाली गेलो. काका ओट्यावर होते, काकू दारात उभ्या. समू पुढं गेली. "आजोबा, पकडलं."

"कशावरून?"

तिनं सांगितलं. पट्ट्या सांगितल्या, दिवस सांगितले, चार बोटं सांगितली, लाल रेघ सांगितली. आकड्यामागून आकडे, न अडखळता. काका मान खाली घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "रंग एकदाच टाकून बघितला का? उद्या परत टाक." आणि टोपीनं डोळे पुसले.

आता माझी पाळी होती. तहसिलीत एवढी वर्षं काढली, पण माफीचा अर्ज कसा लिहितात ते मला येत नाही. मी आपलं जे सगळे म्हणतात तेच म्हणाले. "काका, राग मानू नका. माझ्या मनात तुमच्याबद्दल पहिल्यापासून कधी काही नव्हतं हो."

"खोटं," मागून समू म्हणाली. "पकडलं."

काकू पदराआड हसल्या. मी मरणाची लाजले. काकांनी मात्र चेहऱ्यावरची रेघही हलू दिली नाही. माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि कालव्यावरची पातळी वाचायला बसावं तसे मांडी घालून बसले.

"कशावरून?" त्यांनी विचारलं.

समूनं माझ्याकडं एकदा बघितलं. उद्या तिची चाचणी होती. तिनं अंगठा वर केला. "एक, अंघोळीचे तांबे," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हाताची बोटंही उघडून तयार ठेवली.